उशीर झाला म्हणून मुंडके? छिन कायदा प्रत्यक्षात काय सांगतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत चीनच्या पहिल्या, म्हणजे छिन घराण्याच्या, साम्राज्यावर आलेला लेख वाचला. लेखाचा शेवट ज्या प्रसंगाने रंगवला आहे तो असा: इ.स.पू. २०९ च्या पावसाळ्यात ९०० जणांची तुकडी सरहद्दीवर पहारा द्यायला उत्तरेकडे यूयांगला निघाली. दाझ गावापाशी पावसाने रस्ते बुडाले. मुदतीत पोचणे अशक्य झाले. उशिराची शिक्षा सरसकट शिरच्छेद, मग मरायचेच आहे तर बंड करून मरू, असे म्हणत छन शंग आणि वू ग्वांग उठले आणि तीन वर्षांच्या आत साम्राज्य कोसळले. प्रसंग चटकदार आहे आणि जगभर असाच सांगितला जातो. त्याचा उगम सिमा छिएनच्या ‘शी-जी’ या इतिहासग्रंथात आहे. तो ग्रंथ लिहिला गेला घटनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी, छिनला उलथवून आलेल्या हान घराण्याच्या काळात. अडचण एवढीच, की खुद्द छिनचा कायदा १९७५ पासून आपल्यासमोर आहे आणि तो असे काही म्हणत नाही.

हुबेइ प्रांतात युनमंग तालुक्यात श्वेइहूदी नावाची जागा आहे. तिथल्या ११ क्रमांकाच्या थडग्यात १९७५ च्या डिसेंबरात सुमारे ११५० बांबूच्या पट्ट्या सापडल्या. पुरलेला माणूस राजा नव्हता, सेनापतीही नव्हता. तो तालुका पातळीवरचा कारकून होता, नाव शी, म्हणजे आनंद. जन्म इ.स.पू. २६२, मृत्यू २१७ च्या सुमारास. उमेदीच्या काळात त्याने खटले चालवण्याचे कामही केले. आयुष्यभर वापरलेले कायदे, नमुने आणि पंचांगे त्याच्या देहाभोवती रचून ठेवली होती. बरोबर लेखण्याही होत्या, केसांच्या कुंचल्याच्या. त्याच्या वैयक्तिक नोंदवहीत लढाया आणि घरातले जन्म-मृत्यू एकाच रांगेत येतात. इ.स.पू. २१९ च्या नोंदीत सम्राट आनलूवरून (हा शीचाच भाग) गेले, एवढेच.

या पट्ट्या साधारण २३ ते २८ सेंटिमीटर लांब आणि अर्धा-पाऊण सेंटिमीटर रुंद. बांबू चिरायचा, विस्तवावर शेकून त्यातले पाणी काढायचे म्हणजे कीड लागत नाही, काजळीच्या शाईने वरून खाली लिहायचे, मग वर, मध्ये आणि खाली अशा तीन दोऱ्यांनी पट्ट्या ओवून चटईसारखी गुंडाळी करायची. चूक झाली तर चाकूने खरवडायची. जमिनीखाली सतत पाणी भरून असेल आणि हवा पोचत नसेल तरच बांबू दोन हजार वर्षे टिकतो, पण ओवलेला दोरा टिकत नाही. त्यामुळे हाती येतो तो ग्रंथ नसतो, चिखलातल्या सुट्या काड्यांचा ढीग असतो. वाक्य कुठून कुठे जाते, अक्षर कोणाचे, दोऱ्याच्या खुणा कोणत्या उंचीवर, पट्टीच्या पाठीवर चाकूची तिरकी रेघ आहे का, यावरून क्रम जुळवावा लागतो. ज्याने पेशवे दफ्तरातला सुटा मोडी कागद कधी हातात धरला असेल त्याला ही डोकेदुखी वेगळी समजावून सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. शीच्या संग्रहात वेठीच्या कामाचा कायदा आहे. त्यात म्हटले आहे: दरबारासाठी माणसे बोलावली आणि ती पाठवलीच नाहीत, तर दंड दोन चिलखते (दंड चिलखतांच्या आणि ढालींच्या किमतीत मोजत). ३ ते ५ दिवस उशीर झाला तर ठपका. ६ ते १० दिवस उशीर, दंड एक ढाल. १० दिवसांपेक्षा जास्त, दंड एक चिलखत. पुढे चार अक्षरे अशी आहेत, की पावसापाण्याने अडले तर बोलावणेच रद्द. हा दंडही मजुरावर नसून माणसे गोळा करून पाठवणाऱ्या अधिकाऱ्यावर आहे, असेच बहुतेक अभ्यासक या कलमाचे वाचन करतात.

म्हणजे ‘शी-जी’ खोटा, असे मी म्हणत नाही. छन शंगची माणसे साध्या वेठीच्या कामाला निघाली नव्हती, ती सरहद्दीवरच्या पहाऱ्याला निघाली होती, आणि पहाऱ्याचे नियम वेगळे असू शकतात. शीच्या पट्ट्या बंडाच्या निदान आठ वर्षे आधीच्या आहेत. मधल्या काळात पहिला सम्राट वारला, दुसरा गादीवर आला आणि त्याने कायदे आणखी कडक केले, असे ‘शी-जी’ सांगतो. हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत. पण याच हुबेइ प्रांतात जांगज्याशान इथे १९८३-८४ मध्ये उघडलेल्या २४७ क्रमांकाच्या थडग्यात हान घराण्याचे इ.स.पू. १८६ चे कायदे सापडले. ते बव्हंशी छिनच्याच कायद्यांवर बेतलेले आहेत आणि त्यांत पहाऱ्याचे कलमही आहे. हुकूम मिळूनही सात दिवस न जाणाऱ्याला पैसे भरून सुटण्याजोगी हलकी शिक्षा. सात दिवसांवर गेल्यास दाढीमिशा उतरवून सरकारी गुलामी. त्याहून फार लांबल्यास सक्तमजुरी. उशिराला शिरच्छेद इथेही नाही. तेव्हा ‘उशीर म्हणजे मुंडके असा छिनचा कायदा होता’ हे वाक्य सिद्ध इतिहास म्हणून छापता येत नाही. ‘असे बंडखोर म्हणाले, असे सिमा छिएन लिहितो’ इथपर्यंतच थांबावे लागते. नऊशे घाबरलेल्या, चिंब भिजलेल्या माणसांना चिथवायला कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नाही, हेही खरेच.

वेठीच्या याच कायद्यात पुढचे एक कलम आहे ते मराठी वाचकाने जरूर वाचावे. गावासाठी माणसे लावून भिंत बांधली तर ती वर्षभर टिकलीच पाहिजे. वर्षाच्या आत पडली तर काम पाहणारा अधिकारी आणि त्या भिंतीचा मुकादम दोषी, आणि त्याच माणसांनी ती पुन्हा बांधायची. हे दिवस वेठीच्या हिशेबात धरायचे नाहीत. आपल्याकडे याला दोषदायित्व कालावधी म्हणतात. कामाला किती माणसे आणि किती दिवस लागतील याचा अंदाज दोन किंवा जास्त दिवसांनी चुकला, कमी असो वा जास्त, तर अंदाज करणाऱ्याने नीट पाहिले नाही असे धरले जाई.

लेखात छिनचा कारभार ‘एका माणसाच्या लहरीवर चालणारा’ असा वर्णिला आहे. या पट्ट्या वाचल्यावर नेमके उलटे वाटते. लहरीला जागाच उरू नये इतकी कलमे आहेत. सरकारी कोठारात उंदरांची बिळे निघाली तर काय? मोठ्या उंदराची तीन किंवा अधिक बिळे असतील तर दंड एक ढाल, दोन किंवा कमी असतील तर ठपका. आणि लहान उंदराची तीन बिळे म्हणजे मोठ्याचे एक. ही रूपांतराची ओळ कोणीतरी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिलेली आहे. म्हणजे कुठल्या तरी कोठारात बसून कोणी खरोखर बिळे मोजत होता आणि लहान बिळांचे काय करू, असे वर विचारत होता. वजनमापांचेही तसेच. १२० जिनांच्या, म्हणजे सुमारे ३० किलोंच्या वजनात १६ ल्यांगांची (साधारण पाव किलोची) किंवा जास्त चूक निघाली तर त्या खात्याच्या प्रमुखाला एक चिलखत दंड. ८ ते १६ ल्यांगांच्या दरम्यान असेल तर एक ढाल. धान्याच्या २० लिटरच्या मापात दोन शंग, म्हणजे ४०० मिलिलिटर किंवा जास्त फरक निघाला तर चिलखत, एक ते दोन शंग असेल तर ढाल. इ.स.पू. २२१ मध्ये मापे एक केली असे आपण एका वाक्यात शिकवतो. ती एक राहिली कशी, याचे उत्तर या कलमांत आहे. छिनचा सुधारक मंत्री शांग यांग याच्या इ.स.पू. ३४४ च्या ब्राँझ मापाच्या बुडावर २२१ चा राजहुकूम पुन्हा कोरलेला आहे. म्हणजे सम्राटाने नवे माप काढले नाही, सव्वाशे वर्षे घरात चाललेले माप सगळ्या देशाला लावले. ते माप आज शांघाय संग्रहालयात आहे, आत सुमारे २०२ मिलिलिटर मावते.

शेतीची कलमे तर आणखी बारीक. एका मूला, म्हणजे आपल्या सुमारे साडेचार गुंठ्यांना, भाताचे बी दोन पूर्णांक दोन तृतीयांश दोउ, म्हणजे सव्वापाच लिटर. सोयाबीनचे अर्धा दोउ, एक लिटर. याहून कमी पुरले तरी हरकत नाही, असे पुढेच लिहिले आहे. पाऊस पडला की किती क्षेत्राला लाभ झाला, दुष्काळ, वादळ, पूर, टोळ यांनी किती क्षेत्र गेले, हे तालुक्याने लेखी कळवायचे. जवळच्या तालुक्याने वेगवान पायी जासूद पाठवायचा, लांबच्याने टपालाने, आणि आठव्या महिन्याच्या अखेरीस सगळे पोचले पाहिजे. वसंताच्या दुसऱ्या महिन्यापासून रानात लाकूडतोड बंद, अंडी आणि पिल्ले धरणे बंद. अपवाद एकच, कोणी दगावले आणि शवपेटीला लाकूड हवे असेल तर. नांगराच्या बैलाचा घेर घटला तर घटलेल्या दर त्सुनामागे, म्हणजे दर २.३ सेंटिमीटरमागे, त्याची जबाबदारी असलेल्याला दहा फटके. वर्षातून चारदा बैलांची पाहणी होई आणि पहिल्या महिन्यात मोठी. उत्तम ठरलेल्यांना दारू आणि सुके मांस बक्षीस. पण सरकारकडून उसने घेतलेले लोखंडी अवजार झिजून मोडले तर लिहून कळवायचे, भरपाई मागायची नाही. झीज आणि निष्काळजीपणा यांत फरक करणारा कायदा लहरी माणूस लिहीत नाही.

आता कोणी म्हणेल, हे छिनचे गुणगान चालले आहे. मुळीच नाही. पाच जणांनी मिळून एका नाण्याची किंवा जास्त किमतीची चोरी केली तर डावा पाय तोडून, तोंडावर गोंदून सक्तमजुरी. पाचांहून कमी असतील आणि चोरी ६६० नाण्यांच्या वर असेल तर गोंदणे आणि नाक कापणे. दुसऱ्याच्या तुतीची पाने तोडली, किंमत एका नाण्याचीही नाही, तरी तीस दिवस वेठ. क्रौर्य होते आणि भरपूर होते. मात्र ते दर ठरवून, हिशेबाने केलेले होते. तपासाचे नमुनेही त्याच संग्रहात आहेत, त्यांना पंचनामेच म्हणावे लागेल. गळफास घेतलेला देह सापडला तर दोरीची गाठ कुठे, जीभ बाहेर आली का, गळ्यावरचा वळ कसा, हे क्रमाने लिहायचे. जबाबाची पद्धतही सांगितली आहे: आधी त्याला पूर्ण बोलू द्या, तो खोटे बोलतो आहे हे कळले तरी मध्ये तोडू नका, लिहून घ्या, मग विसंगतीवर प्रश्न विचारा. तरीही तो शब्द फिरवत राहिला आणि कायद्याने परवानगी असली तर मारा, पण मारले हे नोंदवा. आणि मार न देता लेखी जबाबाच्या मागावर जाऊन खरे काढणे हे उत्तम, मारून काढणे हे हलके, धाक घालून काढणे म्हणजे काम बिघडले. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या तालुका कारकुनाजवळ हे मार्गदर्शन होते. ते किती पाळले जाई हा प्रश्न वेगळा, आणि तो फक्त छिनलाच विचारावा असेही नाही.

माझ्या मते छिनने सामान्य माणसाला जे पिळले ते फाशीच्या फळीवर कमी आणि दंडाच्या खतावणीत जास्त. ते कळायला ढालीची आणि चिलखताची किंमत ठाऊक हवी. ती २००७ मध्ये हुनानच्या युएलू अकादमीने हाँगकाँगच्या बाजारातून घेतलेल्या पट्ट्यांत सापडली: चिलखत १३४४ नाणी, ढाल ३८४. बाजारातून आलेल्या वस्तूवर शंका घेणे योग्यच. पण ताळा दुसरीकडून मिळतो. हुनानमधल्या लीये गावी २००२ मध्ये एका जुन्या विहिरीतून छिनकाळातल्या छिएनलिंग तालुक्याचे अख्खे दप्तर निघाले, ३६ हजारांवर पट्ट्या. त्यांत यांगलिंग तालुक्याच्या थकबाकीदारांची पत्रे आहेत. एकाच्या नावावर ८०६४ नाणी आहेत. १३४४ ने भागा, बरोबर सहा येतात. त्याच गठ्ठ्यात इतरांच्या नावावर १३४४ आणि ३८४ हे आकडे जसेच्या तसे आहेत. उत्खननातल्या पट्टीने बाजारातल्या पट्टीची साक्ष काढली, असे फार क्वचित घडते.

ज्याच्या डोक्यावर ही सहा चिलखते होती त्याचे नाव वू-स, शब्दशः ‘मरू नको’. आपल्याकडे मूल जगत नसले की धोंडू, दगडू, केरू ठेवतात, त्यातलाच हा प्रकार दिसतो. त्याचा हिशेब करून पाहू. दंड फेडता न येणाऱ्याने सरकारी काम करून फेडायचा, दिवसाला ८ नाणी; सरकारचे अन्न खाल्ले तर ६. एका ढालीचे ४८ दिवस, एका चिलखताचे १६८. वू-सचे झाले १००८ दिवस, तेही घरचे जेवून. सरकार अशा कामकऱ्यांकडून धान्याचे २० लिटरला ३० नाणी लावत असे आणि एका गड्याचा महिन्याचा शिधा ४० लिटर. त्या भावाने ८०६४ नाण्यांत त्याचे अकरा वर्षांचे धान्य येते. कायद्यात सवलत एक होती: दंड फेडणाऱ्याला पेरणीला वीस दिवस आणि खुरपणीला वीस दिवस घरी सोडायचे. पण वू-स घरापासून फार दूर, दोंगथिंग जिल्ह्यात पहाऱ्यावर होता. इ.स.पू. २१४ मध्ये यांगलिंगचा अधिकारी लिहितो की याच्या घरची मोजदाद केली, घर गरीब, भरू शकत नाही, सबब बाकी तो जिथे पहारा देतो तिथे वळती करतो. मात्र तो कोणत्या तालुक्यात आहे ते माहीत नाही. २१३ मध्ये स्मरणपत्र: उत्तर आले नाही, तगादा लावावा. २१२ मध्ये दोंगथिंगच्या लष्करी अधिकाऱ्याचा छिएनलिंगला शेरा: यांगलिंगचे शिपाई तुमच्याकडे आहेत, नियमाप्रमाणे करा. माणूस सापडायला दोन वर्षे गेली. कागदी घोडे म्हणायचे तर कागद अजून यायचा होता, बांबूचे आणि लाकडाचे घोडे म्हणा. पण हे घोडे थांबले नाहीत, हे ध्यानात घ्यावे.

शिपायांची दुसरी बाजू श्वेइहूदीच्याच ४ क्रमांकाच्या थडग्यात आहे. हेइफू आणि जिंग या दोन भावांनी छू राज्यावरच्या मोहिमेतून, इ.स.पू. २२३ च्या सुमारास, घरी पाठवलेली दोन लाकडी पत्रे. चीनमध्ये सापडलेली ही सर्वांत जुनी घरगुती पत्रे. मजकूर काय? आई, आनलूला कापड स्वस्त असेल तर उन्हाळी सदरा शिवून पैशांबरोबर पाठव. महाग असेल तर नुसते पैसे पाठव, मी इथेच घेईन. दुसरा भाऊ पाच-सहाशे नाणी आणि अडीच जांग, म्हणजे पावणेसहा मीटर चांगले कापड मागतो. सम्राटाची सेना म्हणून पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक आपण डोळ्यांसमोर आणतो. खऱ्या शिपायाचे कपडे घरून येत होते.

मग एवढे बारकाईने चालणारे राज्य पंधरा वर्षांत का गेले? उशिराच्या कलमापेक्षा मला त्याचे उत्तर श्वेइहूदीच्याच आणखी एका पत्रात दिसते. दक्षिणेकडचा नान जिल्हा छिनने इ.स.पू. २७८ मध्ये छूकडून घेतला. पन्नास वर्षांनी, २२७ मध्ये, तिथला जिल्हाधिकारी थंग परिपत्रक काढतो की कायदे जाहीर झाले तरी लोक आपापल्या रीतींनीच चालतात, तालुक्याचे अधिकारी ते पाहून गप्प बसतात, आता तपासणीला माणसे पाठवतो आहे. अर्धे शतक हाताखाली असलेल्या मुलखाची ही स्थिती. उरलेली सहा राज्ये तर २३० ते २२१ या दहा वर्षांत गिळली. छिनच्या स्वतःच्या खोऱ्यात हे कायदे इ.स.पू. ३५६ पासून, पाच पिढ्या, अंगवळणी पडलेले होते. नव्या मुलखात ते एकदम आले. राबवणारी माणसेही नव्हती: लीयेच्या दप्तरात छिएनलिंगच्या मंजूर जागा शंभरावर आहेत आणि प्रत्यक्ष हजर जेमतेम निम्मे, बाकी रिक्त किंवा बाहेरगावी कामावर. वरून मात्र सूचना चांगल्याच येत. इ.स.पू. २२० मध्ये दोंगथिंगचा जिल्हाधिकारी बजावतो की मालवाहतुकीला आधी कैदी आणि दंड फेडणारे लावा, अगदी निकडीचे असेल तरच प्रजेला वेठीला धरा, शेतीच्या हंगामात तर नकोच. ही सूचना पुन्हा पुन्हा द्यावी लागत होती, यातच काय ते आले. बंड प्रथम जुन्या छूच्या मुलखात पेटले, हा योगायोग नव्हे.

आणि बुडाले ते घराणे. दप्तर बुडाले नाही. हानचा संस्थापक ल्यू बांग हा छिनचाच एका ठाण्याचा किरकोळ अधिकारी. राजथडग्याच्या कामावर नेत असलेले कैदी वाटेत पळू लागले म्हणून त्याने उरलेले सोडून दिले आणि स्वतः फरार झाला. त्याचा मंत्री श्याओ ह हा छिनचा तालुका कारकून. इ.स.पू. २०६ मध्ये राजधानी शिएनयांग हाती आली तेव्हा इतर सरदार सोन्यानाण्याकडे धावले, श्याओ हने कायद्यांची आणि नकाशांची दप्तरे ताब्यात घेतली. पुढच्या हान कायद्यांत छिनची वाक्येच्या वाक्ये येतात ती यामुळे. नाक-पाय कापण्याच्या शिक्षा हानच्या वन सम्राटाने रद्द केल्या त्या इ.स.पू. १६७ मध्ये, छिन जाऊन चाळीस वर्षे झाल्यावर.

लेखातल्या आणखी दोन गोष्टी थोडक्यात. मातीच्या सैनिकांजवळच्या ब्राँझ शस्त्रांना क्रोमियमचा मुलामा होता हे विधान आता मागे घ्यावे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ते क्रोमियम मुठी-दांड्यांवरच्या रोगणातून आल्याचे दिसले. शस्त्रे टिकली ती किंचित अल्कधर्मी, बारीक कणांच्या मातीमुळे आणि ब्राँझमधल्या भरपूर कथिलामुळे. त्या शस्त्रांवरचा खरा नवलाचा भाग म्हणजे कोरलेली अक्षरे: वर्ष, प्रधान ल्यू बूवेइचे नाव, कारखाना आणि थेट कारागिराचे नाव. सरकारी शस्त्रावर खात्याचे नाव कोरावे, कोरता येत नसेल तर रंगाने लिहावे, हे शीच्या पट्ट्यांतलेच कलम. दुसरे, लेखासोबत छापलेले भिंतीचे छायाचित्र विटांच्या बुरजांचे, म्हणजे फार नंतरच्या मिंग घराण्याच्या काळातले आहे. छिनचा सेनापती मंग थिएन याने इ.स.पू. २१५ नंतर जोडलेली भिंत कुटलेल्या मातीची आणि जागोजाग दगडांची. तिचे जे उरले आहे ते बहुतेक ठिकाणी गवताळ बांधासारखे दिसते.

आपला,
एक वाचक

ता. क. : लेखात घराण्याचे नाव तीन ठिकाणी ‘क्विन’, एका ठिकाणी ‘किंग’ असे पडले आहे. रोमन लिपीतल्या चिनी नावांत ‘क्यू’ या अक्षराचा उच्चार ‘छ’च्या जवळचा असतो, म्हणून ‘छिन’. ‘छिंग’ हे वेगळे घराणे, १६४४ ते १९१२ चे. दोघांच्या मध्ये साडेअठराशे वर्षे आहेत, आणि एका अनुस्वारावर ती गेली.